घटाखालची माती

प्रमिलाबाई मागच्या दारात बसून विळ्याला धार लावायला लागल्या, तेव्हाच सून हातातली कणीक टाकून दाराशी आली. सासूबाई गप्प राहून विळा घासतात, म्हणजे आज काहीतरी चिरलं जाणार, हे चेतना ओळखून होती.

लोणखेड्यातल्या त्या घरामागे एकेकाळी झकास परस होतं. लिंबू, कढीपत्ता, आणि मधूनमधून न पेरता उगवणारी घोळ अन् तांदुळजा. प्रमिलाबाईंच्या लेखी ती भाजी, त्यांच्या मुलाच्या, योगेंद्रच्या लेखी सगळं गवत. त्याने शहाद्याहून काळं तणरोधक कापड आणलं, परसभर अंथरलं, वर खडी पसरली. "माय, आते तुले निंदानं काम नही," म्हणाला आणि आईची निंदणी वाचवली म्हणून स्वतःवरच खूष झाला. पुढे लव्हाळा कापड टोचून वर आलाच. लिंबू मात्र पिवळं पडत गेलं. त्यावर साहेबांनी नवा उपाय काढला होता: दसरा झाला की सगळीकडे पेव्हर ब्लॉक.

आज घट बसायचा होता. घटाची माती दरवर्षी परसातलीच. योगेंद्रने मात्र नर्सरीतून मातीची पिशवी आणून ओट्यावर ठेवली होती.

"देवीले बाजारनी माटीवर बसाडू का मी?" म्हणत प्रमिलाबाई उठल्या. लिंबाजवळची खडी त्यांनी पायाने सारली आणि कापडात विळा घातला. कापड टरारा फाटलं.

योगेंद्र धावत आला. "माय! काय करी ऱ्हायनी तू?"

"मन्ही माटी देखी ऱ्हायनू."

आणि माती पाहून त्यांचा जीवच कळवळला. घट्ट, चिकट, आंबूस वासाची. गांडूळ औषधालाही नाही. लिंबाची मुळं खाली जायची सोडून कापडाला येऊन चिकटली होती. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

"वावरमा पपईनं पीक निंघनं का कागद काढी लेस ना तू? मंग आठे काब्र नही काढा?"

पपईखाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद योगेंद्र पीक निघालं की न चुकता काढायचा, घरामागचं कापड मात्र टाकून विसरला होता. "बरं, मी वावरमाईन चांगली माटी लई येस," तो नरमला.

"नही. हाईच माटी."

"माय, घट उगाव नही! गल्लीन्या बाया देखतीन, काय म्हणतीन?"

"देखू दे. जे शे ते देखू दे."

पत्रावळीवर तीच माती पसरली, तिच्यात गहू पेरला, मधोमध घट बसला. पाणी वरच साचायचं. बरेचसे दाणे कुजले, उरलेले बोटभर वाढून थांबले. आरतीला येणाऱ्या बाया घटाकडे बघायच्या, मग एकमेकींकडे. शेजारच्या आशाने तर तोंडाला पदर लावून विचारलं, "काकू, घरमा काही वाईट व्हयनं का?"

"व्हयनं ना," प्रमिलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मागे माटी मारी टाकी आम्हीन. देखी ल्या." योगेंद्र झांजा वाजवत होता. त्याचा ताल चुकला.

त्या मात्र रोज आरती झाली की फाटलेल्या पट्ट्यात जायच्या. शेण, पालापाचोळा, ताकाचं पाणी, हाताला येईल ते मातीत कालवायच्या. गुडघे ओरडायचे, त्या ऐकायच्या नाहीत.

दसऱ्याला घट उठला. रिवाजाप्रमाणे योगेंद्रने टोपीत खोवायला अंकूर मागितले. प्रमिलाबाईंनी त्यातल्या त्यात बरा शोधून एकच काढला. टोपीत तो दिसेनासुद्धा. योगेंद्रने आरशात बघून तो दोनदा वर ओढला. मग टोपी डोक्यावर तशीच ठेवून मागे गेला, आणि खडी ओढल्याचा आवाज येऊ लागला.

कापडाची गुंडाळी करत तो लिंबापाशी पोचला. तिथे फाटलेल्या पट्ट्यात तांदुळज्याची चार पानं वर आली होती. त्याचा हात सवयीने तिकडे गेला.

"उपटी तर देख!" प्रमिलाबाई दारातून गरजल्या. विळा हातातच होता.