माहितीस्तव सादर

नागपुरात बसून समुद्राचा ध्यास घ्यायचा, याला काय म्हणावं? पण महाल भागातल्या कृष्णकांतरावांनी तो घेतला होता. अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तरी पोर्तुगीजांची गलबतं कोणत्या वाऱ्यावर आली, वसईच्या किल्ल्यासाठी कोण राबलं, हे ते सरकारी कचेरीतलं आवक-जावकचं टेबल सांभाळून वर्षानुवर्षं शोधत होते.

सापडलेलं पोटात ठेवणं त्यांना जमत नव्हतं. बहात्तर सालापासून दर तीन महिन्यांनी ते स्वतः स्टेन्सिल टाइप करत, गांधीबागेतल्या दुकानात सायक्लोस्टाइल करून घेत आणि इतिहासाची आवड असलेल्यांच्या चाळीस पत्त्यांवर आपल्या पत्रिकेचा अंक धाडत. मग सुरू व्हायचं वाट पाहणं. कचेरीतून आले की चप्पल काढायच्या आधी विचारत, “काही आलं?”

“लाइटचं बिल आलं,” सुमतीबाई म्हणत. एकदा त्यांनाच राहवलं नाही. “कोणी वाचतच नाही, तर काहून जीव जाळून राहिले तुम्ही?”

“एखादा तरी वाचत असन वं.”

एक कार्ड हवं होतं, बस. कोणी शिव्या घातल्या असत्या तरी त्यांना जेवण गोड लागलं असतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वसईहून जाडजूड पुडकं आलं. उघडतात तो आत त्यांचेच अंक, दिवाळीपर्यंतचे बावीसच्या बावीस, टॅग लावून क्रमानं बांधलेले. परत पाठवले म्हणून त्यांचा जीव खट्टू झाला. वर एका मुलीचं पत्र होतं.

‘माझे वडील सांतान डाबरे दिवाळीनंतर वारले. कस्टममध्ये कारकून होते. तुमचा अंक आला की दोनदा वाचायचे. उत्तर लिहा म्हटलं, तर तळाच्या ओळीवर बोट ठेवायचे. माहितीस्तव आलेल्या कागदाला उत्तर द्यायचं नसतं, तो फाइलला लावायचा असतो, म्हणायचे. अंक तुमच्याकडे असावेत असं वाटलं.’

कृष्णकांतरावांनी पहिला अंक काढला. तळाशी, हाताच्या सवयीनं त्यांनीच टाइप केलेलं होतं: माहितीस्तव सविनय सादर. बावीसही अंकांवर तेच. असे हजारो कागद त्यांनी स्वतः बिनबोभाट फाइलला लावले होते. दोष कोणाला द्यायचा?

समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न होते. इथे आधार कोणता, तिथे भरतीची वेळ चुकली. पानोपानी तो माणूस त्यांच्याशी बोलत बसला होता. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘लेखकांनी आमचा समुद्र पाहिला आहे काय? नसल्यास जरूर यावे. घरी उतरण्याची सोय आहे.’ खाली कारकुनी सही आणि तारीख.

त्यांना रडू आवरेना. सुमतीबाई पदराला हात पुसत आल्या.

“काय आलं जी?”

“बोलावणं आलं होतं वं,” ते म्हणाले. “सहा वर्षं झाली.”