दारावरचा टॉवेल

या, अशा जवळ या. मधे जागा सोडू नका, मागच्यांनी पुढे सरका. आज एका मावशींची गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत लढाई आहे, पण घाबरू नका, तोफा आपल्यापासून दूरच राहतील.

परमुलखात लढाई चालली होती आणि बंदराजवळच्या एका रिकाम्या शाळेत शिपायांसाठी विसाव्याचं घर उघडलं होतं. खाली चहा-खाण्याचं दालन, कॅरम, पत्रं लिहायची टेबलं आणि अंघोळीला कढत पाणी. हे सगळं मावशी बघत. पन्नाशी उलटल्यावर, घरच्यांचं न ऐकता, देवाचं नाव घेऊन त्या जहाजात बसल्या होत्या. त्यांना एकच खोड होती. टॉवेल दिसला की तो उचलून धुवायला टाकायचा. शिपाई एकमेकांना म्हणत, "तोंड लवकर पुसा रे, मावशी आल्या!"

वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली तबकडीवाल्यांची. रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. कोरी तबकडी यंत्रावर फिरे, शिपाई बोले आणि सुई त्याचा आवाज कोरत जाई. तीन मिनिटं मिळत, आणि एकदा कोरलेलं खोडायची सोय नव्हती. मग ती तबकडी टपालाने घरी जाई. काय बोलायचं नाही याची लांबलचक यादी भिंतीवर डकवलेली होती. काय बोलायचं ते मात्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

एके सकाळी एक शिपाई आला. ट्रक चालवायचा, दारातून वाकून शिरायचा, म्हणून सगळे त्याला लांबू म्हणत. दुपारी त्याची तुकडी पुढे निघायची होती. चहा ओतता ओतता मावशींनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आईचे डोळे गेलेत, मावशी. पत्र ताई वाचून दाखवते. पण ताईला पहिल्यापासून सगळं गोड करून सांगायची सवय. आता आईला वाटतं, मी या जगात नाहीच. ताई मनानेच पत्रं रचते, असं म्हणते. जेवणसुद्धा टाकलंय तिने."

"मग जा वर, आवाज पाठव. आणि खाली येऊन खा."

"तबकडी एकच उरलीय म्हणे."

"तुला एकच लागणार ना? पळ!"

वर वेगळीच पंचाईत झाली होती. ध्वनिमुद्रण चालू असलं की दारावर लाल दिवा लागे, तो नेमका त्या सकाळी गेला. तबकडीवाल्यांनी डोकं चालवलं आणि आपला लाल टॉवेल दाराच्या मुठीला अडकवला. हा दिसला की कुणी आत यायचं नाही, असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना बजावलं. मावशी तेवढ्या राहिल्या.

आत लांबू कागद हातात धरून बसला. कागदावर लिहिलं होतं, 'आई, मी मजेत आहे, काळजी नसावी.' सुई टेकली, तबकडीवाल्यांनी बोट वर केलं आणि लांबूची वाचाच बसली. अर्धं मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. तबकडीवाले हातवारे करून थकले. तबकडीवर नुसता श्वास कोरला जात होता.

इकडे पाव आणि अंडी निवून चालली, म्हणून मावशी ताटली घेऊन जिना चढल्या. मुठीला टॉवेल! तोही मळका! त्यांनी तो ओढून खांद्यावर टाकला आणि दार ढकललं.

"काय रे लांबोड्या, सकाळपासून पोटात काय घातलंयस? नुसता चहा! अंगावर बघ, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय!"

"अगं मावशी, खातो ना!" लांबू दचकून 'अहो'वरून 'अगं'वर आला. "ओरडतेस काय आईसारखी!"

"ओरडू नको तर काय आरती ओवाळू? धर हा पाव. तोंड मिटून खा."

"तोंड मिटून कसं खाणार?" आणि लांबू हसला, खो खो हसला. हसता हसता पाव घशात अडकला. मावशींनी पाठीत धपका घातला, आणि सुई वर उचलली गेली.

"संपली तबकडी," तबकडीवाले कपाळाला हात लावून म्हणाले. "बाई, तो टॉवेल दिवा होता!"

मावशी मटकन बाकावर बसल्या. "देवा, ही जीभ दिलीस ती आवरायची अक्कल का नाही दिलीस? अरे, तुझ्या आईचं सगळं घालवलं मी."

लांबूने कागदाची घडी करून खिशात घातली. "रिकामी जाण्यापेक्षा बरी. पाठवा आहे तशी," तो म्हणाला. मावशींना वाईट वाटू नये, म्हणून त्याने दुसरं अंडंही खाल्लं. दुपारी तुकडी निघाली.

त्यानंतर मावशींच्या घशाखाली घास सुखाने उतरेना. टॉवेल उचलायचा तर आधी चार जणांना विचारत. रोज प्रार्थनेला बसल्या की त्या न पाहिलेल्या माउलीची क्षमा मागत.

दोन महिन्यांनी ताईचं पत्र आलं, मावशींच्याच नावे. तबकडीवाल्यांनी ते उभ्याउभ्याच वाचून दाखवलं:

'शेजाऱ्यांच्या फोनोग्राफवर तबकडी लावली. आधी नुसती खरखर. आई म्हणाली, बघ, काहीच नाही त्यात. मग तुम्ही ओरडलात आणि हा हसला. आई ताडकन उठून बसली. म्हणाली, हे काही तुला रचता यायचं नाही, त्याला हसताना ठसका लागतो तो असाच. आता जेवायच्या वेळी रोज तबकडी लावावी लागते. तुम्ही पाव म्हणालात की ती घास घेते. तिचा निरोप आहे, बाईंना म्हणावं, त्याला आणखी थोडं रागवायला हवं होतं.'

"गोड करून नाही ना वाचलंत?" मावशींनी विचारलं. तबकडीवाल्यांनी पत्रच त्यांच्या हाती ठेवलं. त्यांनी ते स्वतः दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि पुढची तुकडी आली होती तिच्यासाठी पाव कापायला घेतले.

लांबू तेव्हा कुठे होता, ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून एक मागणं आहे, मंडळी. आज पानावर बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी, कुठेतरी दूर ट्रक हाकणाऱ्या त्या लेकराची आठवण ठेवा.