उंबऱ्यावरून पाहिलेली मालिका

कड्या कुरकुरल्या म्हणून दचकू नका, मीच बोलतोय. कोरीट गावात दगा पाटलांच्या ओसरीवर सागवानी झोपाळा टांगलेला आहे ना, तो मी. आजवर माणसं माझ्यावर बसून बोलत आली आणि मी ऐकत आलो. पण गेल्या हिवाळ्यात या घरात असं काही घडलं, की आता मला गप्प राहवत नाही.

माझा जन्म शहाद्याचा. बशीर मिस्त्रींच्या हातचा मी. कुणाच्या तरी पाडलेल्या घराची जुनी तुळई त्यांनी उचलून आणली, तासली, रंधा मारमारून गुळगुळीत केली. शेवटचा हात फिरवताना म्हणाले, "अब तक छत उठाई, अब आदमी उठा." तेव्हापासून मी तेच काम करतोय.

दगा पाटलांचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या वडिलांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणलं आणि सुरतेहून खास पितळी कड्या मागवल्या. गुजर पाटलाच्या ओसरीवर झोपाळा नसला, तर पाहुण्याला घर अर्धंच वाटतं. मी टांगला गेलो आणि त्याच आठवड्यात नवी नवरी, रुक्मिणी, उंबरा ओलांडून माझ्यासमोरून आत गेली.

घरची रीत होती. सासरा, दीर, नवरा ओसरीवर असताना सुनेनं झोपाळ्यावर बसायचं नाही. ते शेतात गेले की बसायला कुणाची ना नव्हती, पण तेव्हा तिला वेळ नसे. रुक्मिणीबाईंनी मला रोज पुसलं. दिवाळीला तेल चोळलं, कड्या चिंचेनं घासून लखलखीत केल्या. त्यांच्या तळहातावरची प्रत्येक रेघ मला ठाऊक झाली. वजन मात्र ठाऊक नव्हतं.

मग एके वर्षी माझ्यासमोरच्या भिंतीशी टीव्ही आला. त्याच्यावर रुक्मिणीबाईंनी विणलेला रुमाल घातला. संध्याकाळी निम्मी गल्ली ओसरीवर जमायची, लहानथोर खाली मांडी घालून आणि माझ्यावर पाच-सहा जण दाटीवाटीनं. मला तर वाटायचं, आपण लाकडात जन्मलो ते बरंच झालं. माणसाचे डोळे असते तर दिपून गेले असते! केवढाली घरं ती! बैठकीतूनच वर जिना जायचा. बायका अंगभर दागिने घालून झोपायच्या आणि सकाळी उठल्या तरी केसांची एक बट हललेली नसायची. कुणाच्या पायाला माती नाही. कुणी कापूस वेचत नाही, कुणी केळीचे घड मोजत नाही. स्वयंपाकघरात सगळं चकचकीत, पण चुलीवर काही शिजताना मी कधी पाहिलं नाही.

तरी गाव त्या पेटीतल्या लोकांसारखं होत गेलं. लग्नात मालिकेतल्यासारख्या साड्या आल्या. पाळण्यात मालिकेतली नावं आली. ज्या बायका 'रांधायची खोली' म्हणत, त्या 'किचन' म्हणू लागल्या. पुढं प्रत्येकाच्या हातात फोन आला. आता माझ्यावर चौघं बसतात आणि चौघांच्या हातात चार वेगवेगळी चित्रं असतात. झोका देण्यासाठी पाय टेकवायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

या सगळ्या काळात रुक्मिणीबाई टीव्ही पाहायच्या, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून. मालिकेची वेळ हीच भाकरीची वेळ. पिठाचे हात पुढं धरून त्या दारात उभ्या राहायच्या. तिथून पडदा तिरपा दिसतो. जरा कथेत रंग भरला, की आतून भाकरी करपल्याचा वास यायचा, नाहीतर दगाभाऊ ताट पुढं सरकवायचे. त्या आत जायच्या. परत येईपर्यंत जाहिरात लागलेली असायची.

मुलगी कामिनी मोठी झाली आणि सिनेमा शिकायला पुण्याला गेली. दगाभाऊंनी कुरकुर करत का होईना, पाठवलं. गेल्या हिवाळ्यात ती घरी आली ती रोहिणी नावाच्या मैत्रिणीला घेऊन. रोहिणी नंदुरबारची. अबोल मुलगी, पण फोन शूटिंगच्या तीनपायी तिपाईवर चढवून त्यातून बघायला लागली, की तिचा श्वासही ऐकू येत नसे. दोघींना एक छोटी फिल्म करायची होती, रोजच्या जगण्यावर.

या घरात आपसात गुजरी बोलतात आणि गल्लीत अहिराणी. दोन्ही एवढ्या मिसळल्यात, की कुठली कुठं संपते ते मलाही सांगता येत नाही. कामिनी आईला म्हणाली, "माय, मले तुन्हीच फिल्म बनावनी शे."

रुक्मिणीबाई हसायलाच लागल्या. "मन्ही? मन्हामा देखाजोगं काय शे वं? भाकरी देखतीन का लोके?"

माझ्यावर बसलेल्या दगाभाऊंनी मात्र पाय टेकवून मला थांबवलं. "घरनी बाई पडदावर? समाजमा तोंड कसं दखाडू मी? नही म्हंजे नही."

"बापू, पडदावरन्या बाया तं रोज आपला घरमा येतस," कामिनी म्हणाली. "तुम्ही जेवता जेवता देखतस. त्या बी कोनाना तरी घरन्याच शेतस ना?"

"त्यासना घरना त्या देखतीन. मन्हा घरनं मी देखसू." एवढं बोलून दगाभाऊ उठले आणि चपला घालून शेताकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दगाभाऊंना शहाद्याला काम निघालं. घर मोकळं झालं. दुपारी कामिनीनं आईचा हात धरून तिला ओसरीवर आणलं. "इठे बठ."

"इठे? कोनी उनं तं?"

"कोनी येत नही. बठ तू."

आणि रुक्मिणीबाई माझ्यावर बसल्या.

मी कापसाची गाठोडी उचलली आहेत. गव्हाची पोती, लग्नातले अवजड व्याही, एकावर एक चढलेली पोरं, सगळं उचललंय. पण त्या दुपारी माझ्या फळीच्या अगदी काठावर टेकलेलं ते हलकं वजन मला पेलेना. इतकी वर्षं जिनं मला पुसलं, ती ही! त्यांचे पाय जमिनीला लागले, चुकून रेटा बसला आणि मी हललो. त्यांनी घाबरून कडी घट्ट धरली. मग इकडंतिकडं पाहिलं आणि दुसरा झोका त्यांनी स्वतःहून घेतला.

रोहिणीनं फोन चालू केला होता.

"माय, तुले त्या मालिका आवडतस का?" कामिनीनं विचारलं.

"मी अर्ध्याच देखस. भाकरी तवावर ऱ्हास ना. मंग पुढलं मीच बनाई लेस."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? पीठ मळता मळता मनमा पुढली गोठ चालूच ऱ्हास. त्यासनी त्यासना परमाने दखाडी, मी मन्हा परमाने बनाडी."

कामिनी थक्क झाली आणि मीही. उंबऱ्यापलीकडं, पिठाच्या परातीत, एवढ्या वर्षांत इतक्या कथा मळल्या गेल्या होत्या आणि ओसरीवरच्या कुणालाच पत्ता नव्हता!

"एक सांग ना," कामिनी म्हणाली.

त्या सांगू लागल्या. एका मालिकेत एका सुनेवर हार चोरल्याचा खोटा आळ येतो आणि सासू तिला भर पावसात बंगल्याबाहेर काढते. पडद्यावर ती सून फाटकाशी रडत उभी राहिली होती. रुक्मिणीबाईंच्या कथेत ती रडली, पण उभी राहिली नाही. सरळ एसटीत बसली आणि जिथं गाडी थांबली तिथं उतरली. ते शहाद्याचं स्टँड होतं. बाकावर ओल्या अंगानं बसलेल्या त्या मुलीला एका केळी विकणाऱ्या बाईनं हाक मारली, "पोरी, खाशी का?" दुसऱ्या दिवशी तिच्यासोबतच ती कापूस वेचायला गेली. पहिल्याच तासाला बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, लांब नखं मोडली. दुपारी बांधावर बसून तिनं मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खाल्ली आणि तिला नवल वाटलं, बंगल्यात आपल्याला कधी भूकच लागली नव्हती! इकडं बंगल्यात हार सापडला. तो सासूच्याच कपाटात, लुगड्याच्या घडीत होता. सासू गाडी घेऊन शोधायला निघाली. शोधत शोधत ती बांधापाशी पोचली. बायकांच्या रांगेत आपली सून कुठली, ते तिला ओळखेना. तिनं हाक मारली. सुनेनं मान वर केली आणि...

"अवं माय, दूध!"

असं म्हणत रुक्मिणीबाई ताडकन उठून आत चुलीकडं धावल्या. मी एकटाच हलत राहिलो. कामिनीनं फोन बंद करायला हात पुढं केला, पण रोहिणीनं मानेनंच नको म्हटलं. माझा झोका थांबेपर्यंत ती चित्र घेत राहिली. फिल्म तिथंच संपते.

दगाभाऊ परतले तेव्हा तिपाई अजून ओसरीवर होती. त्यांना सगळं कळलं. ते ओरडले नाहीत; त्यांचा राग नेहमीच खालच्या आवाजात असतो. "हाई गावमा दिसनं, तं मी या घरमा जेवनार नही," ते म्हणाले. कामिनी पुण्याला परत गेली. रुक्मिणीबाई पुन्हा उंबऱ्यावर उभ्या राहू लागल्या. घरात त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही.

पण आजकालची चित्रं पेटीत बसून राहत नाहीत. पुण्यात कॉलेजमध्ये फिल्म दाखवली गेली. तिथून ती कुणाच्या तरी फोनवर गेली आणि फोनवरून फोनवर करत एके दिवशी कोरीटला येऊन पोचली. मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं ते शेजारच्या जसोदाबाईंच्या हातात. माझी पितळी कडी, माझ्या फळीवरचा चहाचा डाग, बंगल्यांच्या जागी आमची ओसरी! जसोदाबाई उभ्या गल्लीला सांगत होत्या, "देखा, हाऊ दगाभाऊसना झोका!" मग आत येऊन हळूच त्यांनी विचारलं, "रुक्मिणबाई, त्या पोरनं पुढे काय व्हयनं?"

"दूध उतू गयं. तठेच राह्यनं," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि भांडी घासत राहिल्या.

जसोदाबाई लगेच गेल्या नाहीत. जाता जाता म्हणाल्या, "मन्ही सून बी उंबरावरनंच देखस वं. माले आज समजनं."

दगाभाऊंना कुणी सांगायला धजावत नव्हतं. त्यांना ते कळलं शहाद्याच्या स्टँडवर. प्रकाशा गावाकडच्या एका अनोळखी शेतकऱ्यानं त्यांना थांबवलं. "तुम्ही कोरीटना दगा पाटील ना? आमना घरमा दोन दिनपासून एकच भांडन चालू शे. ती पोर सासूसंगे घर गयी का नही? मन्ही बायको म्हनस नही गयी, माय म्हनस गयी. वहिनीसले इचारी सांगा ना!"

हे मला नंतर दगाभाऊंच्याच तोंडून कळलं. त्या दुपारी ते घरी आले, ते सरळ माझ्यावर येऊन बसले. मला वाटलं, आता काही खरं नाही. रुक्मिणीबाईंनी ताट आणून ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं. रुक्मिणीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. 

दगाभाऊंनी फोन काढला आणि त्या शेतकऱ्यानं पाठवलेली फिल्म लावली. आपल्याच बायकोचा आवाज ओसरीवर घुमू लागला. दगाभाऊंचे पाय जमिनीवर घट्ट रोवलेले होते. मी जराही हललो नाही. दुधापाशी फिल्म संपली, तशी त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली. दुसऱ्यांदा ते पडद्याकडं कमी आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बाईकडं जास्त पाहत होते. जणू एवढ्या वर्षांचा संसार झाल्यावर या घरात कुणीतरी नवीनच माणूस राहायला आलं होतं.

फिल्म संपली. ते फळीवर एका बाजूला सरकले. "बठ."

गल्लीतून माणसं येत-जात होती. दार सताड उघडं होतं. रुक्मिणीबाई जागच्या हलल्या नाहीत. "आधी जेवा," त्या म्हणाल्या.

"जेवसू. आधी सांग. सासूनी हाक मारी, पोरनी मान वर करी. मंग?"

रुक्मिणीबाई आल्या. या वेळी त्या काठावर नाही, पूर्ण फळीभर बसल्या. दोघांचं मिळून वजन मी पहिल्यांदाच उचलत होतो आणि माझ्या चारही कड्यांतून काहीतरी थरथरत वर तुळईपर्यंत गेलं.

"मंग पोरनी सासूले पानी दिधं," त्या हळूहळू सांगू लागल्या. "म्हने, बठा, दमी गयात तुम्ही. सासूनी माफी मांगी. म्हने, चाल घर, आते चाव्या तुन्हा हातमा. पोर बांधवर बठी ऱ्हायनी. एक हातमा कापूस, दुसरा हातमा चाव्या."

"मंग? गयी का नही?"

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग समोरच्या रस्त्याकडं. "आजून ठरावं नही मी," त्या म्हणाल्या.

 दगाभाऊ गडगडाटी हसले, इतके की रस्त्यावरचा माणूस थांबून पाहू लागला. आणि त्यांनी पायानं जमीन रेटून झोका दिला.

आता माझी फळी एका टोकाला चिरली आहे. पुढच्या उन्हाळ्यात हे कौलारू घर उतरवून स्लॅब टाकायचं चाललंय. नव्या छताला माझ्यासाठी कड्या ठेवायच्या की नाहीत, यावर घरात अजून एकमत नाही. माझं व्हायचं ते होईल. तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. तुमच्याही घरात पडदा असेल आणि त्याच्याकडं तिरकं पाहत कुणी दारात उभं असेल. तिला जरा जागा करून द्या. पडद्याचा आवाज कमी करा आणि विचारा, पुढं काय व्हावं असं तुला वाटतं? आणि मग ती काय सांगते ते ऐका.

हल्ली दुपारी टीव्ही बंद असतो आणि बायका माझ्याभोवती जमतात. जिच्या मनात गोष्ट असेल तिनं माझ्यावर बसायचं, असं ठरलंय. आज वत्सलाबाई पहिल्यांदा आल्या आहेत. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, सहसा कुणाशी चार शब्द न बोलणाऱ्या. त्यांनी काठी भिंतीशी टेकवली आहे. दोघींच्या आधारानं त्या माझ्यावर बसल्या, पदर सावरला, आणि आता घसा खाकरताहेत.

तेवढं मला ऐकू द्या.