रीस्टार्टनंतर

त्यानं प्रयोगशाळेच्या संगणकाला तिसऱ्यांदा पिंग मारला, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक दिली, आणि तिसऱ्यांदा स्क्रीननं तेच उत्तर तोंडावर फेकलं: तिकडे जायला वाट नाही. प्रयोगशाळेची यंत्रं चालू होती, वॉर्डातले संगणक चालू होते, मधला सर्व्हर ठणठणीत होता. फक्त रक्ताचे रिपोर्ट सकाळपासून एका इमारतीतून दुसरीत पोचत नव्हते. वॉर्डबॉय कागद घेऊन जिने चढत-उतरत होते, ऑपरेशनं खोळंबली होती.

"कळलं का, बाईंनी काय घोळ घातलाय ते?" मोठे साहेब त्याच्या मानेवर श्वास टाकत उभे होते.

बाई, म्हणजे सर्व्हर-रूमची ऑपरेटर, दाराशी उभी होती. सकाळी अपडेट टाकून तिनं सर्व्हर रीस्टार्ट केला होता. तिला नेमून दिलेलं कामच होतं ते.

"मी काही बदललं नाही, साहेब. रूटच्या यादीत प्रयोगशाळेची ओळच..."

"मग काय भुतानं बदललं? चालतं मशीन बंद करायची खाज कुणाला होती?"

त्यानं वाटांची ती यादी उघडली. वाचायची गरज नव्हती. कुठली ओळ नसणार हे त्याला जिना चढतानाच कळून चुकलं होतं. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा सर्व्हरला तिकडची वाट त्यानंच दाखवली होती. एक कमांड, एंटर, काम फत्ते! पण अशी दिलेली वाट मशीन बंद होईपर्यंतच टिकते. कायमची हवी तर फाइलीत लिहून ठेवावी लागते. साहेबांनी पाठ थोपटली, चहा आला, गप्पा रंगल्या, आणि लिहायचं ते राहूनच गेलं. विसरला म्हणा, माजला होता म्हणा.

त्यानं तीच कमांड पुन्हा मारली. पिंगला उत्तर आलं. बाहेर कुणीतरी ओरडलं, "आले, रिपोर्ट आले!"

"बघा!" साहेब तिच्याकडे वळले. "हा माणूस आहे म्हणून निभावतंय. उद्यापासून येऊ नका तुम्ही. कंत्राटदाराला मी सांगतो."

त्यानं स्क्रीनकडे बघत पुन्हा एकदा पिंग मारला.

तिनं डबा पिशवीत कोंबला, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. सगळं काम तिला त्यानंच शिकवलं होतं.

"दादा," दारातून ती म्हणाली, आवाज न चढवता, "आता तरी फाइलीत लिहा. नाहीतर माझ्या जागी जी येईल, तिच्याही अंगावर येईल."

आणि निघून गेली.

"कसली फाइल?" साहेबांनी विचारलं.

जिन्यावर तिची पावलं अजून वाजत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"काही नाही साहेब, किरकोळ आहे," तो म्हणाला, आणि ओळ लिहायला घेतली.