विंगेट गल्लीचा भोंगा

हो, मीच बोलतोय, विंगेट गल्लीचा भोंगा. दचकू नका, माझं बटण कुणी दाबलेलं नाही. आजवर जो उठला त्याने मला तोंडाशी धरलं आणि स्वतःचं म्हणणं माझ्या घशातून बाहेर काढलं. अकरा वर्षांत एकानेही विचारलं नाही की बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे? म्हणून आज माझं मीच बोलणार आहे. वैतागून बोललो तर सांभाळून घ्या. मी खरंच वैतागलोय.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कुठल्याशा कारखान्यात एका पट्ट्यावरून पुढे सरकलो, कुणी आत तारा बसवल्या, कुणी ‘हॅलो, हॅलो’ करून पाहिलं आणि खोक्यात घातलं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात, मिस व्हर्नेल गॅड्सडेन यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

मिस व्हर्नेल आमच्या गल्लीच्या कॅप्टन. म्हणजे गल्लीने निवडलेल्या, बिनपगारी आणि सगळ्यांची बोलणी खाणाऱ्या. नोकरी एका शाळेच्या स्वयंपाकघरात. तिथे दिवसभर तीनशे मुलांवर ओरडून बाईंचा घसा बसायचा, म्हणून घरी मला आणलं.

शनिवारी सकाळी बाई पायऱ्यांवर उभ्या राहायच्या आणि मी सुरू व्हायचो. “उठा! झाडू घेऊन खाली या! मिस्टर प्रूइट, गाडी हलवा, नाहीतर मी हलवीन, आणि मला गाडी चालवता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे!” एकाला एक चिकटलेल्या घरांची दारं धडाधड उघडायची. माझ्या आवाजाने माणसं घराबाहेर पडत होती, असे ते दिवस.

ऑगस्टमध्ये गल्ली दोन्ही टोकांनी बंद करून जेवणावळ व्हायची. अग्निशामक नळ उघडला जायचा, पोरं त्याखाली भिजायची आणि तळलेल्या माशांचा वास पार कोपऱ्यापर्यंत जायचा. तेव्हा बाईंचा धाकटा मुलगा ओरिन मला पळवायचा. “लक्ष द्या, लक्ष द्या! बटाट्याचं सॅलड माझ्या आईने केलंय आणि मिस ओडेसांनीही केलंय. ज्यांची उद्या सकाळी कामावर जायची इच्छा आहे, त्यांनी आईचंच खावं!”

समोरच्या बाजूच्या तिसऱ्या घरातून मिस ओडेसा ओरडायच्या, “थांब मेल्या, येऊ दे मला तिकडे, कानच उपटते तुझे!” आणि त्यांचा नातू टेव्हिस ओरिनच्या शेजारी बसून पोट धरून हसायचा. दोघं एका वयाचे. एकाला शोधायचं तर दुसऱ्याला हाक मारायची, असं होतं ते.

बाविसाव्या वर्षी ओरिनला भर दुपारी लाँड्रीसमोर गोळ्या घातल्या. भांडण कशावरून? फोनवर कुणी कुणाला हसलं, त्यावरून. गोळी टेव्हिसने झाडली हे गल्ली हलक्या आवाजात एकमेकांना सांगत होती. पोलिसांपुढे मात्र गल्लीला काहीच दिसलेलं नव्हतं. शेजारच्या घरी कुणाची गाडी किती वाजता आली आणि किती वाजता गेली हे ज्यांना पडद्याआडून दिसतं, त्यांना त्या दिवशी ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणे. माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

बाईंनी मला जिन्याखालच्या कपाटात टाकलं. दोन वर्षं मी नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली पडून होतो.

मला बाहेर काढलं सीफस टॉलिव्हरने. सीफस पन्नाशीला आलेला, तरुणपणी बंदुकीपायी चौदा वर्षं तुरुंगात काढलेला. आता नारिंगी सदरा घालून वस्तीत फिरतो, भांडणं गोळीपर्यंत जायच्या आत सोडवायचं काम करतो. त्याची आणखी एक पद्धत आहे. गोळीबार झाला की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, त्याच कोपऱ्यावर, गेलेल्याच्या आठवणीसाठी मेणबत्त्या आणि कापडी अस्वलं ठेवलेली असतात तिथे लोकांना जमवायचं. घरच्या माणसाने भोंगा घ्यायचा आणि गेलेल्याची गोष्ट सांगायची. मेला कसा ते सांगायचं नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. जगला कसा ते सांगायचं.

पहिल्याच दिवशी सीफसने एक घोटाळा केला. जगात सगळीकडे माणसं भोंगा हातात आला की त्याच्यावर टिचक्या मारून बघतात. त्यानेही मारल्या. ठप्प, ठप्प, ठप्प. एका क्षणात चाळीस माणसं रस्त्यावर आडवी झाली. पाच वर्षांच्या पोरीलासुद्धा कसं पडायचं ते माहीत होतं, तोंड खाली आणि दोन्ही हात डोक्यावर. मला इतकं शरमल्यासारखं कधी झालं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या वस्तीत भोंग्यावर कुणी टिचकी मारत नाही.

बाईंनी, दोन वर्षं उशिरा का होईना, ओरिनची गोष्ट सांगितली आणि मग त्या थांबल्याच नाहीत. ज्या घरच्यांना बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी त्या बोलू लागल्या. आदल्या दिवशी जायचं, स्वयंपाकघरात बसायचं आणि विचारायचं. काय आवडीने खायचा? कशाला घाबरायचा? सहा वर्षांचा असताना काय करायचा? एक जण मोज्यांना इस्त्री करायचा. एका मुलीने बसथांब्यावर उभ्या असलेल्या निम्म्या बायकांच्या वेण्या घातल्या होत्या. एकाने वाचनालयाचं एकच पुस्तक तीनदा हरवलं होतं आणि तिन्ही वेळा ते त्याच्या पलंगाखालीच सापडलं. बाईंनी नियमच केला, आपल्या वस्तीतला एकही माणूस गोष्टीशिवाय जाणार नाही.

चौदा गोष्टी सांगितल्या आम्ही. आणि काय झालं? खिडक्यांचे पडदे दोन बोटं सरकायचे आणि परत जागेवर यायचे. लोक रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, मला ऐकू येतंय तर जवळ कशाला जायचं, अशा हिशेबाने. टीव्हीवाली पोरगी म्हणायची, “तो रडण्याचा भाग पुन्हा एकदा सांगाल का? गाडीचा हॉर्न मध्ये आला.” कुणीतरी साहेब यायचे, मला हिसकावून घ्यायचे, ‘आता बस्स झालं’ असं गरजायचे आणि गाडीत बसून जायचे. त्यांची थुंकी मात्र माझ्या अंगावर राहायची. मी तीस वॅटचा आहे. दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो. ऐकतं कोण, हा प्रश्न मला विचारू नका.

आणि मग या वसंतात, मंगळवारी, टायरच्या दुकानापाशी टेव्हिसला कुणीतरी मारलं.

बुधवारी सकाळी सीफस स्वयंपाकघरात आला. मी फ्रिजवर होतो. बाईंचा थोरला मुलगा डेलरॉय, बसडेपोतला मेकॅनिक, तिथेच भांडी विसळत होता.

“मिस व्हर्नेल, उद्या पाच वाजता...”

“नाव घेऊ नकोस.”

“मी अजून काही म्हटलंच नाही.”

“तुझ्या तोंडावर लिहिलंय. त्याच्यासाठी, सीफस? ज्या तोंडाने मी माझ्या ओरिनचं सांगितलं, त्याच तोंडाने?”

“नियम तुम्हीच केलात.”

“केला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

सीफसने टोपी काढून टेबलावर ठेवली. “टेव्हिसच्या दोस्तांना वाटतंय की हे डेलरॉयने केलं.”

डेलरॉय वळला. “मी कामावर होतो! अकरा माणसं होती माझ्याबरोबर. विचार त्यांना.”

“मला माहीत आहे रे बाळा. पण ती पोरं डेपोत जाऊन हजेरी बघणार आहेत का? काल त्यांच्यातल्या दोघांना अर्धा दिवस गाडीत घालून फिरवलं मी, खाऊ घातलं, बडबड केली. रोज कसं फिरवू? मिस व्हर्नेल, तुम्ही प्रत्येकासाठी उभ्या राहता. उद्या राहिला नाहीत तर ती पोरं त्याचा एकच अर्थ काढतील.”

“म्हणजे हा मुलगा वाचावा म्हणून त्या मुलाला मारणाऱ्याचं गुणगान गाऊ?”

“गुणगान नको. खरं सांगा. त्याचं तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?”

“चालता हो माझ्या घरातून,” बाई म्हणाल्या. सीफसने टोपी उचलली आणि तो गेला.

दर वेळी आदल्या दिवशी बाई त्या घरी जायच्या. मिस ओडेसांचं घर रस्ता ओलांडून तिसरं. बाई गेल्या नाहीत. खिडकीपाशी बसून राहिल्या. मला सीफसचा राग आला, बाईंचा आला, त्या टायरच्या दुकानाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढा मोठा घसा असून मला ‘डेलरॉय कामावर होता’ एवढे तीन शब्दसुद्धा स्वतःहून ओरडता येत नव्हते.

गुरुवारी पाचला दहा मिनिटं असताना सीफस मला न्यायला आला. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

कोपऱ्यावर तीन घोळके होते. टायरच्या दुकानाच्या भिंतीला टेकून टेव्हिसचे पाच-सहा दोस्त, हात सदऱ्यांच्या खिशात. रस्त्यापलीकडे नेहमीचे लांबून बघणारे. मधे घडीच्या खुर्चीवर मिस ओडेसा, गुडघ्यांवर चर्चची हॅट. सीफसने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तोंडाशी धरलं आणि शब्दच येईना. नुसता त्यांचा श्वास माझ्यातून दोन गल्ल्यांना ऐकू गेला.

तेवढ्यात भिंतीपाशी हालचाल झाली. बाई येत होत्या, आणि ‘घरीच थांब’ असं बजावूनही डेलरॉय त्यांच्या मागे होता. एक दोस्त भिंतीपासून सुटा झाला. सीफस मधे सरकला.

बाईंनी मिस ओडेसांच्या हातातून मला घेतलं. “टेव्हिस...” त्या म्हणाल्या. माझ्यातून ते नाव असं काही पत्र्यासारखं बाहेर पडलं की मिस ओडेसांचे खांदे उडाले. बाई थांबल्या. त्यांनी माझं बटण बंद केलं आणि मला चक्क रस्त्यावर ठेवून दिलं. अकरा वर्षं सेवा केली त्याचं हे फळ, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू?

मग त्या स्वयंपाकघरात बोलतात त्या आवाजात बोलू लागल्या.

“ऐकू येत नाही!” भिंतीपासून कुणीतरी ओरडलं.

“मग जवळ ये. त्याच्यासाठी ओरडायची ताकद नाही माझ्यात.”

आधी कुणी हललं नाही. मग एकेक पाय माझ्या शेजारून जाऊ लागले. पलीकडचे लोकसुद्धा रस्ता ओलांडून आले. चौदा वेळा मी घसा फोडला होता, तेव्हा यातला एक माणूस रस्ता ओलांडून आला नव्हता.

“ओडेसा इस्पितळात होती तेव्हा हा तीन आठवडे माझ्याकडे राहिला. सात वर्षांचा होता. जेवायला बसायचा नाही. का, तर टेबलावर आजीचं ताट नाही. ‘ती आली तर कशात जेवेल?’ मी रोज एक रिकामं ताट मांडायचे, मग घास उतरायचा त्याच्या घशाखाली. ओरिन त्याला हसायचा. चौथ्या दिवसापासून ओरिननेच ते ताट मांडायला घेतलं.”

मिस ओडेसांनी मान वर केली. “हे मला कधी सांगितलं नाहीस, व्हर्नेल.”

“सांगणार होते. मग आपलं बोलणंच बंद झालं.” बाई मिस ओडेसांच्या खुर्चीजवळ सरकल्या. “माझ्या ओरिनला यानेच मारलं असं मी मानते. आजही मानते. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि तुझ्यापुढे खोटं बोलणार नाही. पण तो ताटाशी कसा बसायचा ते मी पाहिलंय.” मग बाई त्या पोरांकडे वळल्या. “हा माझा डेलरॉय. मंगळवारी तो कामावर होता. नीट बघून घ्या त्याला. उरलेला एवढाच आहे माझा.”

गर्दी पांगताना मी पायांत येणार, एवढ्यात कुणीतरी मला उचललं. भिंतीपासून सुटा झालेला तोच दोस्त. माझं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने मला डेलरॉयपुढे धरलं.

“तुमचा आहे ना हा?”

“हो,” डेलरॉय म्हणाला. “आईचा.”

एवढंच बोलणं झालं. दिलजमाई झाली वगैरे कुणी म्हणेल तर विश्वास ठेवू नका. खिशातलं खिशातच राहिलं, इतकंच. सीफस म्हणतो, त्याच्या धंद्यात याला चांगला दिवस म्हणतात.

याला आता सात आठवडे झाले. डेलरॉय रोज कामावर जातो आणि तो परत येईपर्यंत बाई खिडकीत उभ्या असतात. कुठे गोळीबार झाला की त्या कोपऱ्यावर मला नेतात अजून. मधे दोनदा नेलं. कडा खरवडल्यात, कानाशी चिकटपट्टी आहे, आवाज फाटतो. मला काढून टाकायचं चाललंय, सीफस नवा आणणार आहे, चाळीस वॅटचा, तीन गल्ल्यांना ऐकू जाणारा.

मी त्याला हात जोडून सांगितलं असतं, हात असते तर. आवाज मोठा नको रे बाबा. तुम्हा ऐकणाऱ्यांनाही तेच सांगतो. तुमच्याही कोपऱ्यावर कुणी आई उभी राहिली, तर खिडकीतून ऐकू नका. खाली उतरा, रस्ता ओलांडा, आणि इतके जवळ उभे राहा की तिला मला उचलावंच लागणार नाही.