या म्हणायचं नसतं

ललिताने समाजमंदिरात सतरंजी अंथरली, तिचे दुमडलेले कोपरे पायाने सरळ केले आणि किशोरचा फोटो टेबलावर ठेवला. हार घालावा की नाही, हे बराच वेळ ठरेना. शेवटी घातला. बिनहाराच्या फोटोकडे बघून कोणी ‘मुलगा काय करतो?’ असं विचारलं असतं, तर ते तिला झेपलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी नाशिक रोडला, गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणात किशोरला कोणीतरी भोसकलं होतं. पहिला महिनाभर घर माणसांनी भरलेलं असे. मग तीच माणसं तिला पाहून रस्ता बदलू लागली. बोलल्याने दुःख हलकं होतं म्हणतात. ऐकायला माणूस कुठून आणायचा, ते मात्र कोणी सांगत नाही. ललिताला अशी माणसं कोर्टाबाहेरच्या बाकावर दिसली. तीही तिच्यासारखीच तारखेला येऊन बसत. ‘दर रविवारी भेटू, आपलं आपण बोलू,’ असं तिने एकेकाला गाठून सांगितलं होतं.

दोघं आली. चांदवडच्या गोजराबाई आणि पेठकडचे सोमाबाबा. गोजराबाईंच्या मुलाला बांधाच्या वादात मारलं होतं, सोमाबाबांच्या लेकीला सासरी. दोघांनी फोटोला हात जोडले आणि भिंतीशी बसली. गोजराबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

“माझा किशोर...” ललिताने सुरुवात केली.

“नका बोलू, बाई. कळतंय आम्हाला,” गोजराबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने सोमाबाबा उठले, पाठोपाठ गोजराबाई उठल्या. निरोप न घेता दोघांनी चपला घातल्या, तेव्हा कुठे ललिताच्या डोक्यात प्रकाश पडला. ही दोघं दारावर आली होती. तिला दुःखात भेटायला, रीत म्हणून, एकदाच. दारावर आलेल्याने ‘येतो’ म्हणायचं नसतं आणि घरच्यांनी ‘या’ म्हणायचं नसतं. म्हटलं तर पुन्हा त्याच कारणासाठी, कोणी गेलं म्हणूनच, यावं लागतं.

ती धावत पायरीवर आली.

“गोजराबाई, अहो, हे माझ्या एकटीचं नव्हतं. तुमच्या मुलाचंही बोलायचं होतं. पुढच्या रविवारी...”

“पुढचं बोलू नका. दारावर आलेल्याला परत बोलवीत नाय.”

“या,” ललिता म्हणाली. “या ना.”

गोजराबाईंचा चेहरा उतरला. त्या मागे न बघता फाटकाबाहेर पडल्या.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. फोनही उचलले गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी ललिताने फोटो घरीच ठेवला, सतरंजीऐवजी खुर्च्या गोल मांडल्या. आज कोणी आलं नाही, तर समाजमंदिराची किल्ली परत द्यायची आणि पुन्हा त्या घरात जाऊन भिंतींशी बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. बसल्या बसल्या ती पुटपुटत राहिली. कोणीतरी यावं. कोणीही यावं.

ऊन कललं तेव्हा दारात एक मुलगी उभी दिसली. विशी-बाविशीची, केस न विंचरलेली.

“ललिताकाकू तुम्हीच ना?”

“हो, मीच! ये ना, बस.” ललिता इतक्या घाईने उठली की मागची खुर्ची पडली. कितीतरी दिवसांनी ती तोंडभर हसली होती.

“मी चैताली. पोलीस चौकीतल्या मॅडमनी तुमचा पत्ता दिला.” मुलगी खुर्चीच्या कडेला टेकली. “माझ्या आईला... मंगळवारी...”



मागच्या रविवारी ललिता इथे वाट बघत बसली होती, तेव्हा या मुलीची आई जिवंत होती. ललिताच्या ओठांवरचं हसू अजून गेलं नव्हतं. ते लपवायला तिने तोंडाला पदर लावला. तिला स्वतःची किळस आली.

चैतालीने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

“अजून कोणी येणार आहे का, काकू?”

ललिता उठली. “नको, कोणीच यायला नको,” म्हणत तिने दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.