चिंगीला हळद लागली त्याची गोष्ट

द्रौपदीबाईंची चिंगी हिरवी होती. कोन्यूर म्हणतात त्या जातीचा पोपट. मुठीएवढा जीव, शेपूट तेवढं लालसर, आणि चावायला मगरीची धाकटी बहीण. नवऱ्यानं, शिवरामनं, इथं आखातात रुवीच्या बाजारातल्या दुकानातून आणली तेव्हा दुकानदार सांगत होता की यांच्यात रंगच रंग निघालेत, पिवळ्या अंगाचा तो अननस, फिकट तो दालचिनी, निळसर तो फिरोजी, आणि ही आपली साधी. साधी म्हणूनच शिवरामनं घेतली. इंजिनिअर माणूस, साध्या वस्तूत बिघाड कमी असं त्याचं म्हणणं.

बिघाड झाला तो फोनवर. पलीकडून विहीणबाई बोलत होत्या. लेकीची, तृप्तीची सासू, नयनाबाई. राहायला मदिनत सुलतान काबूस या बड्या लोकांच्या वस्तीत, आणि तिथली हवासुद्धा इस्त्री करून येते असा त्यांचा समज. आमच्याकडे फिरोजी कोन्यूर आलाय, नाव राजे, तुमची कुठली, असं त्यांनी विचारलं आणि द्रौपदीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आमची अननस."

"अगंबाई," विहीणबाई म्हणाल्या, "मग शनिवारी येतेच राजेंना घेऊन."

द्रौपदीबाईंनी फोन ठेवला. आपलं हसं झालं तर झालं, पण खोटं उघडं पडलं तर रोज सकाळी चहाबरोबर तृप्तीला ऐकावं लागणार, तुझ्या आईचं अननस. नयनाबाई एकेक टोमणा लोणच्यासारखा वर्षभर पुरवतात.

म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी वाटीभर हळद कालवली आणि चिंगीला पोटापासून गालापर्यंत चोपडली. इथवर सगळं बेतात होतं. चुकलं एवढंच, की दार उघडं राहिलं. वरच्या मजल्यावरची खुदेजा, मूळची रत्नागिरीची, नारळ मागायला आली आणि वाटी बघून उंबऱ्यातच थांबली.

"काय गो द्रौपदीताई, हळद अशी गुपचूप लावतात?"

द्रौपदीबाई तोंड उघडेपर्यंत खुदेजा जिन्यात जाऊन बोलावणं करून आली. हळद आहे म्हटल्यावर कोणाची, हे विचारायला बायका थांबतात होय! अख्खी बिल्डिंग लोटली. बांगड्या वाजल्या, गाणी झाली, एकेकीनं येऊन चिंगीला बोट लावलं. खाली गॅरेजमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकत होते, त्यांनी ठेका धरला. आणि चिंगीच्या अंगात नवरी शिरली. तिनं मान खाली घातली. शिवरामनं बोट पुढं केलं तर चावायचं सोडून टेबलावरचा हातरुमाल चोचीनं डोक्यावर ओढून घेतला. मग एकदा दाराकडं बघून असा उसासा टाकला की दोन बायकांनी डोळे पुसले.

तेवढ्यात पिंजरा घेऊन नयनाबाई आल्या. आत राजे, निळेशार, मोरानं मान खाली घालावी असे. पिंजरा ठेवल्यावर नयनाबाईंचे हात मात्र सगळा वेळ ओढणीखाली. त्यांनी चिंगीला निरखलं, वास घेतला.

"अननसाला हळदीचा वास येतो होय विहीणबाई?"

द्रौपदीबाईंना डोळ्यांपुढं तृप्ती दिसली, हातात चहाचा कप, तोंड एवढंसं.

"येणारच," त्या म्हणाल्या. "हळद लागलीय तिला. लग्न आहे."

"कोणाशी?"

द्रौपदीबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पिंजऱ्याकडं बोट केलं. "तुमच्या राजेंशी."

दुसरी कुणी असती तर हसली असती. पण मुलाची आई म्हटल्यावर नयनाबाईंची मान आपोआप ताठ झाली. त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, मानपान नीट होणार असेल तर आमची ना नाही. शिवराम सांगायला गेला की या जातीत नर कोण आणि मादी कोण हे डीएनए टेस्टशिवाय कळत नाही.

"आमच्या घराण्यात टेस्ट करत नाहीत," नयनाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

अक्षता म्हणून सूर्यफुलाच्या बिया उधळल्या. नवरा-नवरीनं त्या तिथल्या तिथं फोडून खाल्ल्या. खुदेजानं शेवया केल्या. सगळं यथास्थित झालं, आणि द्रौपदीबाईंनी श्वास सोडला न सोडला तोच कुणीतरी म्हणालं, आता दोघांना एकत्र न्हाऊ घाला, हळद उतरवायला हवी.

"नको," दोघी विहिणी एकदम म्हणाल्या.

द्रौपदीबाईंनी चमकून बघितलं. आपण नको म्हणतोय ते ठीक, हिला काय झालं? पण परातीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि राजे पिंजऱ्याचं दार उचकटून थेट आत. कोन्यूरला पाणी दिसलं की मानपान कसला? मागोमाग चिंगी, रुमालासकट. दोघं घुसळली, फडफडली, पंख झाडून भिंती भिजवल्या. चिंगीची हळद सुटली, राजेंची नीळ सुटली, आणि परातीत पालकाची पातळ भाजी व्हावी तसं हिरवंगार पाणी झालं. त्यातून दोन पोपट बाहेर आले. दोन्ही साधे, हिरवे, अगदी एकसारखे.

गॅरेजसुद्धा थांबलं. नयनाबाईंनी ओढणीखालून हात काढले. नखं निळी होती. द्रौपदीबाईंनी आपली पिवळी बोटं त्यांच्या शेजारी ठेवली.

निघताना पंचाईत झाली. यातले राजे कोण? नयनाबाईंनी एकाला धरलं, तो कडकडून चावला. दुसऱ्याला धरलं, तोही चावला. चुकून नवरीच उचलून नेली तर पाठवणी न करता नेली म्हणून गावभर बोभाटा. शेवटी रिकामा पिंजरा घेऊन त्या उतरल्या, आणि राजे वादी कबीरला, द्रौपदीबाईंच्या घरी, घरजावई झाले.

आता मुलाची आई दर शनिवारी वादी कबीरला येते, येताना सुरमई आणते, आणि खालच्या आवाजात विचारते, जावई त्रास देत नाही ना? तृप्तीचा चहा सुखाचा झालाय. आणि कुणी पाहुणा या जोडीचा रंग कुठला म्हणून विचारायला गेला, तर दोघी विहिणी एका सुरात सांगतात, "ओरिजिनल."